साताऱ्याहून पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली भागातले जे सायकलस्वार पहिल्यांदाच २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला नाव देत आहेत, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. रस्ता, हवा आणि काटे इथलेच धरले आहेत.

ब्रेव्हे म्हणजे शर्यत का?

नाही. पहिला कोण आणि शेवटचा कोण, याला काही किंमत नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलवर, स्वतःच्या बळावर पूर्ण केलं की झालं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास मिळतात. ही पद्धत फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनची आहे. आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया रँडोनियर्सच्या अखत्यारीत ठिकठिकाणचे क्लब अशा राइड भरवतात. १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० अशा चारही पूर्ण केल्या, तर ‘सुपर रँडोनियर’ म्हणतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या मोठ्या राइडचा रस्ता तिथूनच जातो. पण तो विचार पुढचा, आधी २०० नीट होऊ द्या.

माझ्याकडे रोड बाइक नाही, हायब्रिड आहे. चालेल?

चालेल. एमटीबी म्हणजे माउंटन बाइकही चालते, फक्त तिचे गुठळ्यांचे जाड टायर काढून गुळगुळीत टायर बसवा. सायकल कुठली यापेक्षा ती मापाची आहे का आणि खालचा गिअर किती हलका आहे, हे जास्त महत्त्वाचं.

गिअर किती हलका हवा?

हिशेब करून बघा. पुढे ३४ दात, मागे २८ दात असतील, तर मिनिटाला ६० पेडल मारताना वेग साधारण ९ किलोमीटर पडतो. मागे ३२ दात असतील तर ८. फरक एका किलोमीटरचा दिसतो, पण घाटात तुम्ही बसून पेडल मारणार की उभं राहून झोंबणार, हे तो ठरवतो. वाईहून पाचगणीपर्यंतचा पसरणी घाट अंदाजे १२ किलोमीटरचा, सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास. शंभर मीटर उभं राहून दम काढणं वेगळं आणि सव्वा-दीड तास चढत राहणं वेगळं. ११-२८ ची कॅसेट (मागच्या दात्यांच्या चकत्यांचा संच) असेल आणि रूटमध्ये पसरणी, यवतेश्वर किंवा केळघर असेल, तर ११-३२ बसवून घ्या. मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) तेवढा मोठा दाता झेपतो का आणि चेन पुरते का, हे दुकानात आधी विचारा. जुनी चेन तशीच ठेवून मोठी कॅसेट बसवली आणि पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या दात्याचा गिअर पडला, तर डिरेलरच वाकतो.

साडेतेरा तास पुरतात का?

पुरतात. मात्र ते कुठे जातात ते समजून घ्या. चालताना सरासरी २० चा वेग असेल तर सायकलवर १० तास जातात आणि हातात साडेतीन तास उरतात. १८ चा वेग असेल तर ११ तास ७ मिनिटं जातात आणि जेमतेम २ तास २३ मिनिटं उरतात. त्यात पंक्चर, नाश्ता, जेवण, कंट्रोलवरचा म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणचा शिक्का, लघवी, फोटो सगळं आलं. आमच्या मते पहिली २०० चढावर हातची जात नाही, ती हॉटेलात जाते. मिसळ येईपर्यंत २० मिनिटं, खायला १५, चहा १०, मित्राची वाट बघत आणखी १०. असे तीन थांबे घेतले की पावणेतीन तास संपले.

म्हणून सवय एकच लावा: थांबण्याआधी ठरवा की किती मिनिटं थांबायचं आणि उतरून काय काय करायचं. आधी शिक्का, मग पाणी, मग खाणं. लांबचे दोन थांबे २५ मिनिटांचे आणि बाकीचे ५ मिनिटांचे ठेवले, तर १८ च्या वेगानेही उजेड असताना परत येता येतं.

कंट्रोलची वेळ कशी काढतात?

पहिल्या ६० किलोमीटरपर्यंत ताशी २० च्या हिशेबाने वेळ काढून त्यात एक तास मिळवतात. ६० च्या पुढे, ६०० किलोमीटरपर्यंत ताशी १५ चा हिशेब लागतो. सकाळी ६ ला सुटलात, तर ५० किलोमीटरचा कंट्रोल ९.३० ला बंद होतो, १०० चा १२.४० ला, १५० चा दुपारी ४ ला, आणि शेवट संध्याकाळी ७.३० ला. कंट्रोल उघडण्याचीही वेळ असते, पण पहिल्यांदा येणाऱ्याला तिची चिंता करावी लागत नाही.

या वेळा एका चिठ्ठीवर लिहून फ्रेमच्या वरच्या दांड्याला चिकटपट्टीने लावा. दुपारी डोकं आकडेमोड करायच्या अवस्थेत नसतं.

एखाद्या कंट्रोलला उशिरा पोचलो तर?

रस्ता बंद होता, अपघातातल्या कुणाला मदत करत थांबलात, अशी हाताबाहेरची कारणं असतील तर आयोजक सवलत देऊ शकतात. थकवा, भूक, सायकलचा बिघाड ही कारणं साधारणपणे धरली जात नाहीत.

पुरावा काय द्यायचा?

ब्रेव्हे कार्डवर शिक्का आणि वेळ. जिथे माणूस बसवलेला नसतो तिथे वेळ छापलेलं बिल, एटीएमची चिठ्ठी किंवा ठरलेल्या पाटीवरचा प्रश्न असतो. जीपीएसचा ट्रॅक सोबत असू द्या, पण कार्डाची जागा तो घेत नाही, जोवर आयोजकांनी तसं सांगितलेलं नाही. वाटेत न सांगितलेला कंट्रोलही असू शकतो, म्हणून रूट सोडून शॉर्टकट घेऊ नका. रस्ता चुकला तर जिथून चुकलात तिथेच परत या आणि पुढे जा. कार्ड झिपच्या पिशवीत ठेवा. घामाने शाई पसरते.

मित्र गाडी घेऊन मागे येणार आहे. चालेल?

चालत नाही. मदत फक्त कंट्रोलवर घेता येते. रस्त्यात पाण्याची बाटली घेतली तरी तो नियमभंग आहे. दुकानातून विकत घेणं, पंक्चरवाल्याकडून हवा भरणं, सोबतच्या रायडरकडून ट्यूब घेणं चालतं.

साताऱ्याहून रूट कोणकोणत्या प्रकारचे असतात?

ढोबळमानाने तीन.

हायवेचा: उंब्रज, कराड, पुढे कोल्हापूरकडे, किंवा कराडहून इस्लामपूर-आष्ट्यावरून सांगली. चढ कमी असतात, पण उड्डाणपुलांची चढ-उतार पायाला जाणवते. सर्व्हिस रोड अचानक संपतो आणि गाड्या उलट्या दिशेने येतात, म्हणून नजर लांब ठेवा. आणेवाडी, तासवडे या टोलनाक्यांवर सायकलला टोल नाही. सगळ्यात डावीकडून निघा.

घाटाचा: वाई, पसरणी, पाचगणी, महाबळेश्वर आणि उतरताना केळघर-मेढा. साताऱ्याची उंची ७०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेवर. एकाच दिवसात हवा बदलते. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या असतात, त्यामुळे हा भाग सकाळी लवकर उरकलेला बरा.

माणदेशाचा: कोरेगाव, वर्धनगडचा छोटा घाट, पुसेगाव, दहिवडी. गर्दी कमी आणि रस्ता मोकळा. पण सावली नाही, दहानंतर वारा उठतो आणि बाभळी आहेत. नकाशावर सपाट दिसणारा हा रूट ऊन आणि समोरच्या वाऱ्यामुळे अनेकदा घाटापेक्षा जड जातो. जाताना मागून वारा असला तर ‘आज पाय छान चालतायत’ असं समजून वेळ उधळू नका. परतताना तोच वारा तोंडावर येतो.

उसाच्या ट्रॉल्यांचं काय करायचं?

आपल्याकडे बहुतेक ब्रेव्हे होतात तो काळ आणि कारखान्यांचा गाळप हंगाम एकच, ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. त्यामुळे कराड, कोरेगाव, इस्लामपूर, सांगली कुठेही जा, ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या भेटणारच. हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

ट्रॉलीच्या मागे वाऱ्यापासून आडोसा मिळतो म्हणून चिकटून चालवू नका. मोळी सुटून दोन-चार ऊस रस्त्यावर पडतात आणि ते चाकाखाली आडवे आले की सायकल जागेवर घसरते. मागची ट्रॉली खड्ड्यात डोलते. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंना लोंबत असतो, म्हणून डावीकडच्या फटीतून तर कधीच निघू नका.

उजवीकडून ओलांडायचं तर आधी अंतराचा अंदाज घ्या. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून १५ मीटरच्या वर जातात. तो २० ने चाललाय आणि तुम्ही २५ ने, तर त्याला पूर्ण मागे टाकायला साधारण १४ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही जवळजवळ १०० मीटर उजव्या बाजूने जाता. समोर तेवढा मोकळा रस्ता दिसत नसेल तर मागेच थांबा. चालकाला टेपच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही. आरशात त्याचा चेहरा दिसला तरच त्याने तुम्हाला पाहिलं असं धरा.

अंधार पडल्यावर यातल्या कित्येक ट्रॉल्यांना मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. बैलगाड्यांनाही नसतो. संध्याकाळी साडेसहानंतर शिल्लक अंतर असेल तर पुढचा दिवा मंद करून बॅटरी वाचवण्याचा मोह टाळा.

दिवे आणि जॅकेट सक्तीचे का? दिवसाच परत येणार आहे.

हेल्मेट पूर्ण वेळ. पुढचा पांढरा, मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट अंधारात आणि कमी उजेडात सक्तीचे, आणि बहुतेक आयोजक सुटण्याआधीच तपासतात. दिवे सायकलला घट्ट बसवलेले हवेत. पहाटे धुकं असतं, डिसेंबरात सहाला पुरेसं उजाडतही नाही, त्यामुळे दिवसा येणाऱ्यालाही ते लागतातच. मागचा दिवा बॅगेच्या किंवा जॅकेटच्या आड जात नाही ना, हे कुणाला तरी मागून बघायला सांगा.

टायर किती रुंद आणि हवा किती?

आपल्या रस्त्यांना २८ मिलिमीटर उत्तम, फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ अजून बरं. ७० किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये मागे ७० ते ७५ पीएसआय आणि पुढे ५ ने कमी ठेवावं. टायरवर छापलेला आकडा ही वरची मर्यादा आहे, भरायचा आकडा नाही. ट्यूबलेस असेल तर सिलंट (भोक बुजवणारा आतला द्रव) तीन-चार महिन्यांत सुकतो. राइडच्या आठवड्यात तपासा आणि तरीही एक ट्यूब बरोबर ठेवा.

पंक्चर होणार का?

होणार असं धरूनच निघा. दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पॅच, हातपंप, छोटा चिमटा आणि जुन्या टायरचा चार सेंटिमीटरचा तुकडा बरोबर हवा. हा तुकडा टायर फाटला तर आतून लावायला. आणि प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर, कारण हायवेवरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हलाच बसतो. अगदी छोटी वस्तू, पण ती नसेल तर मशीन समोर असून हवा भरता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो दुसऱ्या पंक्चरमध्ये, आणि तो पहिल्याच्या घाईमुळे होतो. बाभळीचा काटा आत मोडतो; बाहेरून टायर स्वच्छ दिसतो, नवी ट्यूब घातली की पाच किलोमीटरवर परत बसते. हायवेच्या कडेला ट्रकच्या फाटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्यांचंही तेच. म्हणून क्रम असा ठेवा.

रस्त्यापासून लांब उभे राहा, मागचं चाक असेल तर चेन सगळ्यात छोट्या दात्यावर आणून मग चाक काढा. टायरची एकच बाजू काढा आणि ट्यूब बाहेर घ्या, पण टायर रिमवर कसा होता ते लक्षात ठेवा. टायरवरचं नाव आधीच व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवलेलं असेल तर सोपं जातं. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, ते टायरवर जुळवा आणि नेमकी तीच जागा आतून बोटाने हळू चाचपा. टोचलं की चिमट्याने ओढा. शेजारी-शेजारी दोन बारीक भोकं दिसली तर काटा शोधू नका. हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब चिमटली आहे. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकली आहे.

नव्या ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून आधी व्हॉल्व्ह घाला, टायर समोरच्या बाजूने बसवत शेवट व्हॉल्व्हपाशी आणा. शेवटचा भाग हातानेच बसवा. लिव्हरने बसवताना नवी ट्यूब चिमटून फाटते. व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा, दोन्ही बाजूंनी ट्यूब दिसत नाही ना ते बघा, मग पंप. छोट्या पंपाने दीडशे-दोनशे स्ट्रोक मारावे लागतात. घरी दोनदा हे करून बघितलेल्या माणसाला रस्त्यावर १२ ते १५ मिनिटं लागतात.

आणखी एक: माणदेशात सावली बघून झाडाखाली थांबता तेव्हा सायकल उचलून न्या, ढकलत नेऊ नका. ते झाड बहुधा बाभळीचंच असतं.

बाकी हत्यारं?

चेन तोडणीसह मल्टीटूल, आपल्या स्पीडची क्विक लिंक म्हणजे चेन जोडायची कडी (१०, ११, १२ ची वेगवेगळी असते), चार झिप टाय, थोडी इन्सुलेशन टेप. बस्स.

सर्व्हिसिंग कधी करावं?

आठवडाभर आधी, आदल्या दिवशी नाही. केबल नवीन टाकल्या की ताणतात आणि गिअर बिघडतात, म्हणून सर्व्हिसिंगनंतर निदान ५० किलोमीटर चालवा. चेनची झीज मोजायचं गेज लावा: ११-१२ स्पीडला ०.५ टक्के आणि त्याखालच्या स्पीडला ०.७५ टक्के झीज झाली की चेन बदला. ब्रेक पॅड, बुटाखालच्या क्लीटचे स्क्रू आणि इलेक्ट्रॉनिक गिअर असेल तर त्याची बॅटरी, हेही बघा. नवं सॅडल किंवा नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

काय आणि किती खायचं?

सुटल्यावर ४५ मिनिटांनी सुरुवात करा आणि दर तासाला ४० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जाऊ द्या. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं. म्हणजे तासाला एक केळं आणि एक-दोन राजगिऱ्याचे लाडू किंवा गुळाची चिक्की. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. पाय एकदम रिकामे होतात आणि भरून यायला अर्धा-पाऊण तास जातो. गोड खाऊन कंटाळा येतो, म्हणून शंभराच्या पुढे खारे शेंगदाणे, भडंग, उकडलेला बटाटा, दहीभात असं काही ठेवा. झणझणीत रस्सा आणि तळलेलं राइड संपल्यावर खा. चढावर तेल पोटात तसंच बसून राहतं. कंदी पेढ्याचे दोन तुकडे खिशात असायला आमची काही हरकत नाही, फक्त ते उन्हात वितळतात.

पाणी किती?

थंडीत तासाला अर्धा लिटर, दुपारच्या उन्हात पाऊण ते एक लिटर. नुसतं पाणी पीत राहू नका. ओआरएसचं पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. अर्ध्या बाटलीत घातलं तर ते फार खारट होतं आणि पोट बिघडतं. साधं पाणी भरमसाट प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजणं, डोकं दुखणं, मळमळ आणि गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या. रसवंतीवर उसाचा रस जरूर घ्या, बर्फाशिवाय. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

तयारी किती आठवड्यांची?

आज आरामात ४० किलोमीटर होत असतील तर १३ आठवडे धरा. आठवड्यात दोन दिवस तासभर आणि रविवारी लांब राइड: ४०, ५०, ६०, मग एक हलका आठवडा, ७०, ८५, १००, परत हलका, १२०, १००, १४०, शेवटचे दोन आठवडे उतरते. १४० ज्याला नीट जमले त्याला २०० जमतात. निदान चार रविवारी यवतेश्वर घाट किंवा पसरणी चढा, आणि एक राइड मुद्दाम दुपारच्या उन्हात करा. खाणंही याच राइडमध्ये पारखायचं.

घाट उतरताना भीती वाटते.

ती योग्यच आहे. वेग वळणाआधी कमी करा, वळणात ब्रेक धरू नका. दोन्ही ब्रेक थोडा वेळ दाबून सोडत जा. सतत धरून ठेवले तर रिम तापतो आणि ट्यूब फुटू शकते. हँडलच्या खालच्या भागावर हात ठेवले की ब्रेकवर जोर येतो. एसटी वळणावर पूर्ण रस्ता घेते. हॉर्न ऐकू आला की कडेला होऊन तिला जाऊ द्या. महाबळेश्वरहून पहाटे किंवा संध्याकाळी उतरत असाल, तर जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र घाला. वारा अडतो आणि खाली आल्यावर फेकून देता येतं, अर्थात कचऱ्याच्या डब्यात.

गुडघा, हात, बसायची जागा दुखते.

गुडघा पुढून दुखत असेल तर सॅडल बहुधा खाली आहे किंवा गिअर जड टाकताय. मागून दुखत असेल तर सॅडल वर आहे. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेल्यावर पाय सरळ व्हायला हवा, ही सुरुवातीची खूण. बोटं बधिर होत असतील तर सॅडलचं नाक खाली झुकलंय का बघा. पॅडची शॉर्ट आत काही न घालता वापरा आणि घासणाऱ्या जागी व्हॅसलिन लावा.

महिला रायडरांसाठी वेगळं काही?

वेळ आणि नियम सगळ्यांना सारखेच. अडचण स्वच्छतागृहांची असते: हायवेवर पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेलं मिळतात, पुसेगाव-दहिवडी भागात अंतर वाढतं. रूट हातात आला की पंपांची ठिकाणं नकाशावर खूण करून ठेवा. ती सोय नाही म्हणून पाणी कमी पिणं ही चूक फार जणी करतात, कृपया करू नका.

सोडायचं झालं तर?

आयोजकांना फोन करून सांगा, नाहीतर ते रात्री तुम्हाला शोधत बसतात. अपघातात १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. घरच्यांचा नंबर आणि रक्तगट कागदावर लिहून खिशात ठेवा. फोन लॉक असतो. परतीसाठी टेम्पो किंवा पिकअप वाटेतल्या गावात मिळतो, म्हणून पाच-सातशे रुपये रोख असू द्या.

संपल्यावर लगेच गाडी चालवून सांगलीला जाऊ का?

नका जाऊ. तेरा तास उन्हात काढल्यावर स्टिअरिंगवर डुलकी येते. कार्डवर शेवटची वेळ आणि सही झाली का बघून ते जमा करा, जेवा आणि निदान दोन-तीन तास झोपा, किंवा गाडी चालवायला दुसरं कुणी आणा. निकाल फ्रान्सहून मान्य होऊन यायला वेळ लागतो. त्यासाठी रात्रीच घरी पोचायची काही गरज नसते.